सतरा फेरे

शेवगावकर बाईंची ऑम्नी गाडी अड्ड्याच्या वळणावर दिसायच्या आत
मला ऐकू आली.
खड्ड्यात एक खट्,
आणि खड्डा संपल्यावर आणखी एक,
भांडण मिटल्यावर कुणी उगाच एक शब्द टाकावा तसा.

बाई म्हणाल्या, विशेष काही नाही हो, वरण सांडतंय.
रोज बत्तीस डबे, रामबागेतून भंवरकुआच्या होस्टेलांपर्यंत,
आणि सांडतात ते डावीकडच्या फळीवरचेच.
ती पोरं आता झाकण चाटून बघतात आधी.

मी वहीत लिहिलं: मागचा डावा पट्टा.
मग वाकून पाहिलं.
एक पान तुटलेलं, तुटीच्या आत गंज,
म्हणजे हे कालचं नाही, मागच्या दिवाळीचं.

पुढच्या टायरवर तळहात फिरवला.
बाहेरून रबर अजून चांगलं,
आतल्या कडेला तारा.
फिरोजनं जॅक लावला. चाक
बारा आणि सहावर धरून हलवलं: गप्प.
नऊ आणि तीनवर: टक, टक.
बेअरिंग सुटलं, बॉल जॉइंट सुटला,
दुखणं टाय रॉडच्या टोकाला.
खालच्या आर्मला पहार लावली तर डावा बुश
जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखा निघून आला.

ओढते का कुठे?
छे, बाई म्हणाल्या, अगदी सरळ जाते.

रिंग रोडच्या सर्व्हिस लेनवर एक सपाट तुकडा आहे,
मी गाड्या तिथंच नेतो.
बाकीचे रस्ते मधून फुगलेले,
सगळ्यांनाच कडेला लोटतात, त्यांची साक्ष धरायची नाही.
म्हटलं, हात सोडा.
बाईंनी सोडले.
पाच मोजेस्तोवर ऑम्नी
डावीकडच्या पोहेवाल्याकडे निघाली.
अगबाई, त्या म्हणाल्या,
आणि उजवा खांदा धरून बसल्या.
त्या खांद्याला दोन वर्षं शेक,
नारायण तेल,
पलासियाच्या डॉक्टरच्या पिवळ्या गोळ्या.
गाडी कुठली चालवता, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पिन काढली, नट काढला,
पण टोक जागेवरून हलेना.
दोन हातोडे, समोरासमोर, एकाच क्षणी.
तिसऱ्या घावाला खाली आलं.
आता ते उलटं फिरवून सोडवायचं,
आणि फेरे मोठ्यानं मोजायचे,
मनात मोजले की फोन वाजतो.
सतरा.
फिरोज म्हणाला, शादी में तो सात में काम हो जाता है.
बाई म्हणाल्या, झालं असतं तर डबे कशाला केले असते!
आणि चहा सांगायला स्वतःच गेल्या.

नवं टोक सतरा फेऱ्यांवर बसवलं.
पण सतरा म्हणजे सरळ नव्हे.
सतरा म्हणजे जिथं होतो तिथंच परत.
सरळ काय ते दोरी सांगते,
मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत ताणलेली साधी सुतळी.
अर्धा फेरा आत.
पाव मागं.
पुन्हा सुतळी.
संगणकाची मशीन पुढच्या चौकात आहे,
तिथं पाठवलंच शेवटी,
मशीननं माझ्या सुतळीत केसाएवढी चूक काढली.
ती मी मान्य केली.

पट्टे जोडीनं बदलावेत, हे मी सांगितलं होतं.
बाईंनी पर्समध्ये पाहिलं,
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं,
आणि डावाच टाकला.

संध्याकाळी त्या गाडी घेऊन निघाल्या
आणि समोर मोकळा रस्ता असताना
ऑम्नी हळूच दुभाजकाकडे सरकायला लागली.
मी ओरडलो, बाई, ढील द्या! ती ओढत नाहीये आता!
काचेतून त्यांची बोटं दिसत होती,
स्टिअरिंगवर पांढरी पडलेली.

आठव्या दिवशी फोन.
खट् गेला, म्हणाल्या,
खांदाही रात्री झोपू देतो.
फक्त आता वरण उजवीकडचं सांडतंय.

पट्टा असेल, म्हटलं.
किंवा हात.
घेऊन या, दोन्ही बघू.