उपाशीपोटी

सकाळचे सव्वासहा. ऐरोलीची थंडी म्हणजे
स्वेटरची घडी मोडण्यापुरती,
तरी सुई हातात घेण्याआधी
मी तळवे एकमेकांवर घासते.
गार बोटांना शीर सापडत नाही.

पिशवीत अठरा नळ्या, कापूस, बर्फाचा डबा.
यादीत तिसरं नाव:
हरिश्चंद्र मढवी, दिवागाव, वय बासष्ट,
उपाशीपोटीची साखर.

दार द्वारकाबाईंनी उघडलं.
"आत्ताच आले ट्रॅकवरून. बसलेत."
बसले होते खरे,
पण भर डिसेंबरात बनियन भिजलेला,
बोटं थरथरत होती
जाळ्यातून काढलेल्या कोळंबीसारखी.
जन्मसाल विचारलं तर म्हणाले, "मंगळवार."

नळ्या बाजूला ठेवल्या.
बोटाला टोचलं. यंत्रावर आकडा उमटला:
एकोणपन्नास.

साखर आणा, म्हटलं, तीन चमचे, पाण्यात घालून.
बाई जागच्या हलेनात.
त्या घरात साखरेचा डबा चार वर्षं
वरच्या फळीवर, पाटाच्या मागे,
बदनाम नातेवाइकासारखा.
"अहो, त्यांना साखर आहे."
आत्ता नाहीये, मी म्हटलं. तीच तर गेलीय.

पाव तास आम्ही तिघं घड्याळ बघत होतो.
मग घाम सुकला, आणि ते म्हणाले,
"थंडी वाजते गं."
द्वारकाबाई तेव्हा रडल्या, शाल आणता आणता.

मग एकेक निघालं.
गोळी घेतली होती, तपासणी असूनही, सवयीने.
आणि ट्रॅकच्या फाटकाशी जो टेबल मांडतो
त्याच्याकडून कारल्याचा रस,
कच्चा, हिरवागार, दोन ग्लास.
"थंडीत रोजच्यापेक्षा जास्त घ्यावा म्हणे."
कोण म्हणे?
"सगळेच म्हणे."

रोज दारोदार हेच ऐकते मी.
कडू गिळलं की पाप फिटतं,
तोंड वाकडं झालं म्हणजे गुण आला,
जणू शरीर सावकार आहे
आणि जिभेची शिक्षा हा हप्ता.

कारल्याला मी बोल लावत नाही.
तुपात तळा, साखरेत घोळा, ते आपल्या स्वभावाला जागतं.
पण गोळीही जागते ना.
दोघांनी एकदम रहाट ओढला
की बादली कठड्यावर आपटते.

डॉक्टरांना फोन लावून दिला. गोळीचं त्यांनी बघावं,
तो माझा प्रांत नाही.
मी एवढंच म्हटलं, रस राहू द्या. भाजी करा, जेवणात,
वाटीभर, भाकरीबरोबर.
"मला शिकवतेस?" डोळे पुसत द्वारकाबाई.
"चकत्यांना मीठ चोळायचं, घट्ट पिळायचं,
सुका जवळा भाजून घालायचा, चिंचेचा कोळ,
आणि गूळ..."
इथे त्या थांबल्या.
सुपारीएवढा चालेल का ते डॉक्टरांना विचारा, मी म्हटलं.

निघताना दारात हर्षाली, त्यांची सून,
सातवा महिना, हातात स्टीलचा पेला.
"मला पण देतात. अर्धा. बाळाला चांगला म्हणून."
मी पेला तिच्या हातातून घेतला
आणि मोरीत ओतला, न विचारता,
दुसऱ्याच्या घरात, चपला घालून.
कुणी काही बोललं नाही.
हिरवा ओघळ जाळीपाशी थोडा अडला, मग गेला.

फॉर्मवर कारणासाठी अर्धी ओळ असते.
लिहिलं: नमुना घेतला नाही.
चौथं नाव सेक्टर आठमध्ये होतं,
आणि मला उशीर झाला होता.

जानेवारीत लॅबच्या काउंटरवर एक डबा आला,
रुमालात बांधलेला, नाव नसलेला.
उघडला. जवळ्याचा वास.
चकत्या कागदासारख्या पातळ, कडेला करपलेल्या.

दुपारी दोनला जेवायला बसले.
कडू होतंच.
घोटभर पाणी प्यायले,
आणि दुसरी चकती घेतली.