वर टांगलेला स्वल्पविराम

बार्न्सलीच्या मंडईत, हिंचलिफच्या गाळ्यावर
पाटीवर खडूने लिहिलेलं असतं:
पोटॅटो, मग वर टांगलेला एक स्वल्पविराम, मग एस.
म्हणजे, बटाट्याचं.
बटाट्याचं काय, ते पुढे नाही.
बटाट्याचं घर? बटाट्याचं दुखणं?
मी पिशवी धरून उभा.
मागे रांग.

एकतीस वर्षं मंगळवेढ्याला इंग्रजी शिकवलं.
त्या एकतीस वर्षांत
एकाही गोऱ्या माणसाशी बोललो नाही,
पण त्याच्या क्रियापदाला एस कधी लागतो
ते त्याच्या आईपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

इथे येऊन बघतो तर
बसचा ड्रायव्हर म्हणतो, वुई वॉज.
औषधाच्या दुकानातली म्हणते, देम टॅब्लेट्स.
नातीच्या शाळेच्या फाटकावर, छापील,
यू आरच्या जागी युवर बसलेला, ऐसपैस,
आणि कोणी कोणाच्या अंगावर जात नाही.
मुलगी म्हणते, "बाबा, प्लीज.
इथे कुणाला दुरुस्त करू नका."
मी खिशातलं लाल पेन चाचपतो
आणि ओठ मिटून घेतो.

एका मंगळवारी राहवलं नाही.
बोट थुंकीने ओलं केलं
आणि तो स्वल्पविराम पुसला.
(पुसल्यावर दिसलं, मधला ई पण नाही.)
हिंचलिफने पाहिलं.
सत्तरीचा माणूस, बोटं कापलेले हातमोजे, नाक लाल.
म्हणाला, "त्याने काय घोडं मारलं होतं तुझं?"
मी नियम सांगितला, उदाहरणांसह.
एक अपवादही सांगितला.
त्याने ऐकून घेतलं, एका बाईला गाजरं तोलून देत,
आणि खडू माझ्या हातावर ठेवला.
"मग तूच लिही. इतके दिवस बायको लिहायची.
वुई वॉज मॅरिड फॉर्टी यिअर."

फॉर्टी यिअर.
एस नाही.

सिद्राम ढोणे, नववी ब.
माय फादर हॅव फॉर्टी गोट.
"चाळीस ना रे? मग एस कुठाय?"
"सर, चाळीसच हाईत की."
"हाईत नाही. आहेत."
दोन भाषांतल्या तीन चुका, तीन पट्ट्या,
बोटांच्या पेरांवर, उभ्या.
चाळीस शेळ्यांबद्दल मी एक अक्षर विचारलं नाही,
कुठे चरतात, कोण राखतं.
दिवाळीनंतर तो आलाच नाही.
पटावर त्याच्यापुढे मी गैरहजर लिहीत गेलो
मार्चपर्यंत,
शुद्ध, सुवाच्य अक्षरात.

थंडीने खडू चिकट झाला होता.
तरी लिहिलं: कॅरट्स. लीक्स. पोटॅटोज, ई सकट.
पाटीवर चूक शोधून सापडेना.
गिऱ्हाईक रोजच्याइतकंच आलं,
बटाटे रोजच्याइतकेच खपले.
हिंचलिफ लांब जाऊन बघून आला.
"अक्षर झकास आहे तुझं. तिचं वाकडं होतं."
मग कोबीची बाहेरची पानं सोलत,
"पण पार बसस्टॉपवरून ओळखू यायचं."

घरी आलो तर नात दारात,
एका पायात मोजा, दुसरा हातात.
"आजोबा, मी कधीचा तुझा वाट बघतो!"

जीभ सवयीने टाळूला लागली.
वाट स्त्रीलिंगी. तूसुद्धा.
आणि आजोबांना तुमची म्हणावं.

पिशवी खाली ठेवली.
बोटांना अजून खडू होता,
तो तिच्या नाकाला लागला.
"मी पण," म्हटलं,
"मी पण केव्हाचा
तुझा वाट बघत होतो."