डोबरान्स्की

खांदे आत घ्यायचं काम माझ्याकडे आलं.
सहा तालमींच्या जर्सी, दोन गाठोडी,
लक्ष्मीपुरीतल्या जुन्या कपडेवाल्याकडून किलोवर उचललेली,
अमेरिकेतून आलेली, डांबरगोळीच्या वासाची.
एकेका खांद्यात दोन पोरं मावावीत.
सासने म्हणाले, तिकडं अंगावर चिलखत चढवतात,
चेंडू हातात घेऊन पळतात
आणि त्याला फुटबॉल म्हणतात.
मी म्हटलं, म्हणू देत. माप सांगा.

सत्त्याऐंशी साल.
जुन्या असोसिएशनशी भांडून सहा तालमी बाहेर पडलेल्या.
भांडण कशावरनं, ते आता सहा जण सहा तऱ्हेनं सांगतात.
लोक म्हणायचे, बंडाची लीग.
स्टेडियम कोण देणार?
उद्यमनगरच्या मागं एक पटांगण होतं,
ओतशाळेची काळी वाळू टाकून सपाट केलेलं.
पडला की पोरगा कोळशासारखा उठायचा.

मंडपवाल्याचा जनरेटर, लग्नाचे हॅलोजन.
रात्रीचा फुटबॉल!
पेठेत तोवर कुणी बघितला नव्हता.
लग्नाच्याच खुर्च्या, तीन रांगा फक्त बायकांना,
आणि माझी बायको, जिला कॉर्नर म्हणजे गल्लीचा कोपरा,
दुसऱ्या शनिवारी रेफ्रीला शिव्या घालत होती.
माइकवर बापू मोरबाळे. गुळाच्या सौद्यातला गळा.
तो खेळाडूला नंबरानं नाही, नावानं पुकारायचा.
नाव म्हणजे पाठीवर जे आधीच छापलेलं होतं ते.
"हॅरिगननं काढला, व्हिटलॉककडं दिला, व्हिटलॉक,
अरे मार की व्हिटलॉक, काय सासरवाडीला आलायस?"

गोलात इलाही शिकलगार.
नारिंगी जर्सी, चौतीस नंबर, छातीवर एक पक्षी.
घार का कोंबडा, यावर चहाच्या पैजा.
पाठीवर डोबरान्स्की.
त्या नावानं त्यानं एकाच रात्री दोन पेनल्टी अडवल्या.
मग ते नाव अंगातनं निघेना.
रिक्षा घेतली, तिच्या मागं तेच.
लग्नपत्रिकेत कंसात तेच.

दोन हंगाम चाललं.
तिसऱ्यात, हाफटाइमला दिवे गेले
ते गेलेच.
डिझेलचे पैसे नव्हते, हे नंतर कळलं.
सासनेंनी भांड्यांचं दुकान विकलं.
तालमी एकेक करून माघारी,
माफीपत्रांचा मजकूर एक, सह्या सहा.
माझे अकराशे चाळीस रुपये राहिले.
वही अजून आहे.

परवा नातवानं मोबाइलवर शोधून दाखवलं:
घार. कोंबडा नव्हे.
आणि ती लीगसुद्धा तिकडच्या मोठ्या लीगशी
तीन वर्षं झुंजून बुडालेली.
खेळाडू मोठीनं घेतले, दोनतीन नियम घेतले,
नाव तेवढं घेतलं नाही.
मी मशीनवरचा पाय थांबवला.
म्हणजे आम्ही बुडालेल्यांचे कपडे घालून
पोहायला उतरलो होतो.

आता जुन्या असोसिएशनच्या मॅचला दिवे असतात.
बायकांना वेगळं गेट आहे.
पोरांच्या पाठीवर नावं आहेत.
उद्घाटनाला मंडपवाल्यापासून मंत्र्यापर्यंत
सगळ्यांना नारळ मिळाला.
सासने वरच्या पायरीवर बसून शेंगा खात होते.
दिवे लागले तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात धरला,
म्हणाले, फारच उजेड पडतोय.
टाळ्या मात्र दोघांनीही वाजवल्या.

काल इलाहीची नात आली, मुलींच्या संघात गोलकीपर आहे.
स्टिकर दाबून देणारी दुकानं कोपऱ्यावर चार आहेत,
तिला सुईदोऱ्याचंच पाहिजे होतं.
नारिंगी कापड तिनं स्वतःच आणलेलं.
पाठीवर काय?
तिनं सांगितलं.
स्पेलिंग विचारलं, तर तिलाही येईना, मलाही.
शेवटी रिक्षा बघायला तिच्या घरापर्यंत गेलो.
गंजलेल्या पत्र्यावर बोट फिरवत
एकेक अक्षर कागदावर उतरवलं.
इलाही आतनं ओरडला, पैसे घेऊ नको.

घेणार, म्हटलं.
मागची बाकी पण आहे.