खांब क्रमांक एकतीस

कागदावर रस्ता झोपलेला असतो.
मी त्याच्या कडेने ठिपके ठेवत जाते,
दर एकशे ऐंशी फुटांवर एक,
आणि संगणक प्रत्येक ठिपक्याभोवती
ओंडक्यातल्या वर्षांसारखी
उजेडाची वलयं काढतो.
दिव्याखाली अंधार
ही माझ्या नोकरीत चूक धरली जाते.

इलिनॉयच्या त्या सपाटीवर
जुना महामार्ग उखडून नवा घालायचा होता.
पिवळे सोडियमचे दिवे जाणार, पांढरे येणार.
सप्टेंबरअखेर शाळेच्या जिममध्ये
बास्केटबॉलच्या जाळीखाली आम्ही नकाशे मांडले.
लोकांनी विचारलं, पूल किती महिने बंद,
धूळ किती, आवाज किती.
दिव्यांचं कोणी विचारत नाही.

एल्डन हुसमन रांगेत शेवटी होता.
त्याने कागदी पिशवीतून सोयाबीनची दोन रोपं काढली
आणि माझ्या नकाशावर ठेवली, मातीसकट.
एक वाळलेलं, शेंगा खुळखुळणाऱ्या.
दुसरं हिरवंगार.
"पेरणी एकाच दिवशीची," तो म्हणाला.
"हे तुमच्या खांबापाशी उगवलं.
याला अजून कोणी सांगितलंच नाही
की रात्र लांबत चाललीय."

मी काही बोलायच्या आत
मागून व्हर्ना टिबेट्स बोलली,
अपघाताच्या गाड्या ओढून नेणारी, बूट न काढलेली.
"त्या उतारावरचा दिवा दोन वर्षं बंद होता.
दोन वर्षं मी तिथूनच गाड्या ओढल्या.
एल्डन, तुला माहितीय कोणाकोणाच्या."

एल्डनने टोपी काढली. परत घातली.
रोपं मात्र उचलली नाहीत.

माझ्या तक्त्यात चालकाला रकाना आहे,
डोळे दिपण्याला आहे,
सरासरी भागिले किमान, त्यालाही.
त्या रात्री मापक घेऊन शेताच्या कुंपणाशी गुडघे टेकले.
रस्त्यापासून चाळीस पावलांवरही
आकडा शून्यावर येईना.
हा उजेड कोणासाठीच नव्हता.
नुसता सांडलेला.

शेवटी काय केलं?
दिवा ठेवला. मान सरळ केली.
पाठीमागे हाताच्या पंजाएवढी काळी पत्र्याची पट्टी.
आराखड्यात तिच्यासाठी एक टीप, बारीक अक्षरात,
आणि ठेकेदाराला तीन फोन,
कारण बारीक अक्षर कोण वाचतं.

पुढच्या ऑक्टोबरात मुद्दाम तिकडून गेले.
एकतिसाव्या खांबाशी गाडी हळू केली.
शेत तपकिरी, कापणीला आलेलं,
फक्त कुंपणालगत दोन ओळी
अजून हिरव्याच.
पूर्वी अकरा होत्या, मी मोजल्या होत्या.

तेवढ्यात शेताच्या टोकाकडून
एल्डनचं कापणीयंत्र वळलं,
कपाळावर आठ दिवे,
एकालाही पट्टी नाही,
सगळे थेट माझ्या डोळ्यांत.

मी हात आडवा धरला
आणि बोटांच्या फटीतून
तो त्या दोन ओळी सोडून
पुढे जाताना पाहिला.