काहीही देणे नाही

दातांच्या डॉक्टर जिगीषाबेन
तोंडात इवलासा आरसा फिरवत विचारतात,
"रात्री काय चावता?"
काही नाही. साडेआठला जेवते, मऊ भात.
"मग या दाढा कोणी उगाळल्या?"
सहाणेवर खोड झिजावं
तशा सपाट झाल्यात म्हणे, डावीकडच्या दोन्ही.

चंदन असतं तर वास तरी आला असता.

दांडिया बाजारातून घरी येताना मोजलं:
तीन वर्षं, दोन महिने.
ऑफिसातल्या किरीटभाईंना जामीनदार म्हणून एक सही दिली होती,
चहाचा कप बाजूला सारून, पेनही त्यांचंच.
ते गेले. कुठे, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही.
उरला तो फोन.
सकाळी सातला, दूध ओततानाच,
इतका गोड आवाज:
"बेन, घरे छो ने?"

पुलावरून विश्वामित्रीत कधीकधी मगर दिसते,
काठाच्या चिखलात, चिखलासारखीच.
छातीत धाडकन होतं,
पाय आपोआप मागे येतात,
मग कोणीतरी हसतं, कोणी शेंगा घेतं,
रक्त आपापल्या घरी परत जातं.
शरीराला एवढंच येतं. मगर, पळ, संपलं.
पण फोनमधल्या मगरीपासून
कणीक भिजवता भिजवता मी कुठे पळणार होते?
रक्त दारातच उभं राहिलं
चपला घालून.

आधी सुटली सेव-उसळ. तर्रीचा एक घोट
आणि घशापर्यंत जाळ.
मग जेवण अर्धं करूनही पोटाभोवती टायर.
खांदे कानांकडे चढले ते उतरायचं विसरले.
दसऱ्याला आलेली सर्दी
दिवाळीचा फराळ संपवूनच गेली.
पहाटे तीन दहाला डोळे टक्क,
घड्याळ बघावं लागत नाही.
किल्ल्या, गॅस, पासवर्ड, ते सोडा;
बँकेच्या खिडकीत आईचं माहेरचं आडनाव विचारलं
आणि मी गप्प.
काचेपलीकडची मुलगी पेन धरून बसलेली.

आई, रिक्षात बसल्यावर आठवलं गं.
टिपणीस.

मोठे डॉक्टर म्हणाले, मेंदूत
समुद्रघोड्याच्या आकाराची एक जागा असते,
आठवणी तिथे लावून ठेवतात.
माणूस फार काळ घाबरून राहिलं की ती आक्रसते.
"भरून येते परत, बऱ्याच जणांची,"
ते घाईने पुढे म्हणाले
आणि माझं बीपी पुन्हा मोजलं.

खरं सांगायचं तर कर्ज फिटलंय.
फेब्रुवारीतच. बांगड्या आणि पीएफ मिळून.
बँकेने पत्र दिलं शिक्क्यासकट: काहीही देणे नाही.
मी झेरॉक्स काढल्या, लॅमिनेट केल्या,
एक देवाजवळ, एक कपाटात.
दाढांना कोणी दाखवली नाही.
मानेला, आतड्यांना कोणी कळवलं नाही.
त्यांना अजून कुकरची शिट्टीसुद्धा
सकाळी सातची वाटते.

रविवारी भाचीला घेऊन कमाटीबागेत गेले.
म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा.
जबड्याशी उभी राहून ती ओरडली,
"मावशी, याला दातच नाहीत!"
एवढा जबडा आणि चावायचं काहीच नाही.
पाणी आत घ्यायचं, गाळायचं, सोडून द्यायचं.
मी जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन.
चौकीदार म्हणाला, "बेन, बंद करवानुं छे."

रात्री तो पारदर्शक साचा
दातांवर बसवण्याआधी
(बाराशे रुपये, रोज धुवायचा)
कपाटातून पत्र काढलं
आणि अंगाला वाचून दाखवलं,
मोठ्याने, पहिलीतल्या मुलाला वाचतात तसं:
खाते क्रमांक. तारीख. बाकी रक्कम, शून्य.

डाव्या खांद्याने ऐकलं असावं.
तो बोटभर खाली आला.
उजव्याचं म्हणणं,
सात तर वाजू देत.