पुढील अंकी

सुरुवात कागदाच्या भावाने झाली.
हत्तुरे अण्णांनी कार्डाच्या पाठीवर
डबल क्राऊनचा रीमभाव छापला
आणि शंभर कार्डं पोस्टात टाकली,
बार्शी, अक्कलकोट, विजापूर, गुलबर्गा.
उलट टपाली प्रश्न आले.
डिंक कुठला घ्यावा, वाळवीवर काय घालावं,
आणि सांगोल्याहून एकाने,
वह्या खपतात, पुस्तकं खपत नाहीत, काय करावं?
त्याला उत्तर द्यायचं म्हणून मासिक निघालं.
'फर्मा'. सोळा पानं, वर्गणी तीन रुपये.
उत्तर काही शेवटपर्यंत छापून आलं नाही.

माझे वडील राजमल्लू इराबत्ती, कंपोझिटर.
घरात तेलुगू, खिळ्यांपुढे मराठी.
उलटं वाचताना कधी अडले नाहीत,
सरळ बोलताना अडखळायचे.
आई विड्या वळायची.
मी पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवायचे,
शेजारच्या मागावरून वाटीभर खळ आणून.
जुन्या अंकांना अजून सुताचाच वास येतो.

'फर्म्या'त पुस्तकाविषयी एक शब्द नसे.
फर्मे किती, कागद कसला, कमिशन किती टक्के,
कोणी कोणाचे थकवले.
"कादंबरी कशी आहे हो?" मी एकदा विचारलं.
"एकशे ब्याण्णव पानी," अण्णा म्हणाले,
"पूर्ण कापडी बांधणी,"
आणि हवेतच बोटं चोळली,
चादरीचा पोत बघतात तशी.

दुष्काळाच्या साली कागद मिळेना.
टॉवेलच्या गठ्ठ्यांना गुंडाळतात त्या खाकीवर
चारच पानं निघाली. शाई फुटली, अक्षरं सुजली,
तरी बुडव्यांची यादी स्वच्छ वाचता येते.
पहिलं नाव अण्णांच्या साडूचं.
त्या दिवाळीला अण्णांकडे
कोणी फराळाला आलं नाही.

मग जाहिराती बदलत गेल्या.
ट्रेडल विकणे आहे, चालू स्थितीत.
ट्रेडल विकणे आहे, समक्ष पाहून.
खिळे विकणे आहेत, किलोवर.
ही शेवटची नायनांनीच जुळवली,
त्याच खिळ्यांनी.
'किलो'तला ल झिजला होता.
तो बदलायला दुसरा शोधत
ते दुपारभर बसून राहिले.

तेव्हा हुसेनसाब जिल्दगरांची लेखमाला चालू होती,
'बांधणी शिका, सहा पायऱ्यांत'.
ते दखनीत सांगायचे, मी मराठीत उतरवायचे.
घडी. जुळणी. शिवण. सरस. कापणी.
सहावी, पाठीला गोलाई.
पुठ्ठा चढवणं ते पायरीत धरत नसत,
वो तो कोई भी चढाता, म्हणायचे.
सहावी सांगायला ते हातोडी घेऊनच आले होते.
मी म्हटलं, उद्या या, पान भरलंय.
पाचवीखाली छापलं, पुढील अंकी.

त्या आठवड्यात अण्णा गेले. अंक थांबला.
हुसेनसाब दोनदा येऊन
कुलूप बघून परत गेले, हे मला फार उशिरा कळलं,
तोवर त्यांच्याही दाराला कुलूप होतं.
दोन वर्षं कार्डं येत राहिली.
इंडीच्या एकाने लिहिलं,
उरलेली वर्गणी परत नको,
सहावी पायरी तेवढी कळवावी.

गेल्या हिवाळ्यात सगळे अंक मी स्वतः बांधले.
पाच पायऱ्या त्यांच्या शब्दाप्रमाणे.
मग हातोडी घेतली,
कुठे मारायची, किती हळू, ठाऊक नाही.
पाठ सपाटच राहिली.
कपाटात उभा केला की गठ्ठा
मधोमध पुढे सरकत येतो,
खुर्चीतून कोणी उठू पाहावं तसा.