बुटकी

तेव्हा मी कलिन्याच्या प्रयोगशाळेत होते,
शस्त्रविभागात, सहायक.
भिंतीवर तपकिरी कागद ताणून लावायचा,
कानांत बोळे घालायचे,
साहेबांनी बार उडवला की भोकं मोजायची.

मुद्देमाल क्रमांक तीन: बारा बोरची दुनळी.
नळ्या करवतीनं आखूड केलेल्या,
दस्ता चिंध्यांनी बांधलेला, दुखऱ्या पायासारखा.
घेऊन आलेले हवालदार तांडेल दारातच थांबले,
चपला काढाव्यात की नको या विचारात.
‘बाई, ही बुटकी,’ म्हणाले. ‘हिला पाठ दाखवू नका.’

सगळ्या दारूखान्याला तिच्या गोष्टी पाठ.
ती मासळीच्या पाटीतून फिरते, वर बर्फ, बोंबील.
छे, तबल्याच्या पेटीतून;
डग्गा तेवढा खरा असतो.
हिला नेम लागत नाही.
ही नुसती खोकली तरी गल्ली आडवी:
सात माणसं, एक बकरी
आणि भिंतीवरचं कॅलेंडर.
बकरीचं नाव सगळे सांगत, मुन्नी.
सात माणसांचं कुणालाच आठवत नसे.

आणि शेवटी, आवाज खाली आणून:
जो नळी कापतो
त्याचं आयुष्य तेवढंच कापलं जातं.
इंचाला एक वर्ष.
लेथवाले म्हणत, इंच नाही, सूत.
यावर चहाच्या टपरीवर मारामारी झालेली.

आम्ही पाच फुटांवरून उडवली.
बांगडीएवढं भोक.
पंधरा फुटांवरून, भाकरीएवढं रान.
तिसांवर परातभर, तेही विरळ,
बाजरी सांडावी तसं.
कागद चार फूट रुंद होता. कडा कोऱ्याच राहिल्या.
मी तांडेलांना दाखवला.
त्यांनी लांबूनच पाहिला.
‘कागदावर ती कशाला जोर लावेल?’

दोन महिन्यांनी मुद्देमाल क्रमांक सात.
एकच नळी, नऊ इंच,
एका टोकाला करवतीचे दात,
दुसऱ्या टोकाला ओठांनी आलेली झिलई.
लहानू शेलार, फिटर, रे रोड. मयत.
कापलेला तुकडा वाया कशाला घालवायचा,
म्हणून घरी नेऊन बायकोला दिला.
फुंकणी.

त्याची जोडीदार नळी सापडली नाही.
ती शिवडीच्या चिखलात आहे म्हणतात,
ओहोटीला वारा शिरला की शीळ घालते,
आणि म्हणून तिथले रोहित पक्षी
काही कारण नसताना एकदम उठतात.

लहानू एकोणपन्नासाव्या वर्षी गेला.
डॉक्टरच्या कागदावर फुप्फुसं,
जुन्या जहाजांतली पांढरी धूळ.
गल्लीनं लगेच हिशेब जुळवला:
अठ्ठावन्नला जायचा होता.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकं शेजारी ठेवली.
ओरखड्याला ओरखडा लागला,
फाटलेल्या नोटेचे तुकडे लागतात तसा.
आत काजळी.
मी लिहिलं: दारूची नाही. लाकडाची.

सील करायच्या आधी
दार लोटून घेतलं
आणि एकदा फुंकून पाहिलं.
भोकांचा कागद टेबलावर जरासा हलला.
तोंडात राखेची चव आली, संध्याकाळच्या घराची.
अहवालात हे नाही.

कौतिकाबाई साक्षीला आली तेव्हा
कोर्टाच्या जिन्यात मला गाठून म्हणाली,
‘ती कधी मिळंल?’
म्हटलं, निकाल लागल्यावर.
‘आन तवर चूल?’
मी काही बोलले नाही. तिला वाटलं,
कुठली वस्तू ते माझ्या ध्यानात येत नाही.
तिनं पिशवी काखेत धरली,
अंगठा आणि करंगळी ताणली,
‘एवढी हाय बघा, येवढीच,’
आणि वरून माणसं उतरत होती, वाट मागत होती,
तरी ती एक वीत
तशीच माझ्यासमोर धरून उभी राहिली.